खासबागेपासून मराठवाड्याने घ्यायचा धडा

कोल्हापूरचे खासबाग मैदान मोठे आहे म्हणून नव्हे, तर ते कुस्ती ओळखून बांधले आहे म्हणून थोर आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेलेल्या शाहू महाराजांनी त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ साली कोल्हापुरात त्याच धर्तीचे मैदान कुस्तीसाठी उभे राहिले. मध्यभागी हौद आणि त्याकडे उतरत येणारा गोल बांध. तीसेक हजार माणसे बसली तरी शेवटच्या माणसाला पुढच्याच्या फेट्याआडून डोकवावे लागत नाही. हौदातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवण्याचा रिवाज आहे. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत. पाठ मातीला लागली की खेळ संपला. तो क्षण फुकट्या प्रेक्षकालाही राजाइतकाच स्वच्छ दिसावा, हा या बांधणीमागचा न्याय आहे.

आमच्याकडे, माहूर-किनवटपासून निलंग्यापर्यंत, कुस्तीची हौस तसूभरही कमी नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड रंगतो. गावोगावच्या जत्रांत पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या जोडीपर्यंत हलगी थांबत नाही. पण जत्रेतला हौद जत्रेपुरता. पुढच्या चार रांगा उभ्या राहिल्या की मागच्यांनी कुस्ती गलक्यावरून ओळखायची. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडून. बीज मराठवाड्याचे, मशागत कोल्हापूरची.

यावर कोणी म्हणेल, पैलवान तालमीत घडतो, मैदानात नव्हे. खरे आहे. पण तालमीतल्या हजार जोर-बैठकांना अर्थ येतो तो भरल्या मैदानामुळे. जाणता प्रेक्षक आणि त्याच्यामागून येणारा आश्रयदाता तिथेच तयार होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऑलिंपिक गादीवर होते, मग मातीवर खर्च कशाला? गादी हवीच. गादीची सवय नसताना खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, ही उणीव खरीच होती. पण १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे हेच खाशाबा मातीत वाढले होते आणि लंडनच्या वारीला कोल्हापूरच्या महाराजांचा हात होता. माती आणि गादी यांचे वैर नाही. महाराष्ट्र केसरीतही दोन्ही विभाग आहेत.

संस्थान गेले, राजाश्रय गेला, म्हणून आता हे जमणार नाही, ही सबबही टिकत नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीची झळ खासबागेलाही बसली. राजाने बांधलेली वास्तूही लोकांनी आणि सरकारने जपली तरच टिकते. मग नवी बांधण्याची जबाबदारीही त्यांचीच. नांदेड-लातूरला कलोसियम नको. मातीचा उतरता बांध, मध्ये हौद, शेजारी गादीची सोय आणि वर्षभराच्या देखभालीची तरतूद एवढे केले, तरी इथल्या पोराला मोठा पैलवान होण्यासाठी आधी गाव सोडावे लागणार नाही.