धावणं थांबलंय? मग सायकल चालवा!

गुडघा कुरकुरायला लागला आणि सकाळचं धावणं बंद पडलं, असं तुमचंही झालंय का? मग घरात काय ऐकावं लागतं तेही ठाऊक असेल. 'कुणी सांगितलं होतं या वयात पळायला?' माझ्या सासूबाई तर तेल कोमट करून तयारच होत्या! मी दीड महिना नुसता बसून काढला. दुखणं गेलं, पण मांडी अशी सैल पडली, की जिना चढताना कठडा धरावा लागे. विश्रांती हवी होती गुडघ्याला, मी दिली सगळ्या अंगाला.

धावताना दर पावलाला आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. सायकलवर वजन सीट पेलते. मांडीचे स्नायू राबतात, दम वाढतो, आदळआपट मात्र नाही. अर्थात दुखणं कशाचं आहे ते आधी डॉक्टरांना दाखवायचं. गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, तर आपल्या मनाने पेडलला पाय लावायचा नाही.

खरी गोम आहे सीटच्या उंचीत. मुलाची सायकल घेतली आणि बसलात, असं करू नका. सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. तेवढाच हवा.

सुरुवात 10-15 मिनिटांची, पेडल हलकं ठेवून. हळूहळू मिनिटाला 80-90 फेऱ्यांवर या. धावताना एकेक पाय मिनिटाला साधारण तितक्याच वेळा टेकतो, म्हणजे लय तीच राहते. जड पेडल रेटायची हौस नंतर! हे अंगवळणी पडलं की आठवड्यातून एकदा एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा करा. दम लागू दे, गुडघा दुखता कामा नये.

अमेरिकेच्या जोन बेनॉइटचं उदाहरण बघा. 1984 साली ऑलिंपिकच्या निवड-शर्यतीला जेमतेम 17 दिवस उरले असताना तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पाय आराम करत होता, तर ही हातांनी पेडल फिरवून दम टिकवत होती! निवड-शर्यत तिने जिंकलीच, आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमधली बायकांची पहिलीवहिली मॅरेथॉनही.

एक फसगत मात्र सांगते. सायकलने दम टिकतो, पण हाडांची आणि पोटऱ्यांची धक्के सोसायची सवय जाते. म्हणून परत धावताना एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते बघून मगच पुढचं वाढवा. मी आता तीन दिवस धावते, दोन दिवस सायकल. सासूबाईंचं तेल चालूच आहे. मालिशला नाही कोण म्हणेल?