उंदराच्या देहांतील स्निग्ध द्रव्यें

चरबी म्हटली कीं आपणांस तूप, तेल किंवा सुटलेलें पोट आठवतें. परंतु प्राण्याच्या प्रत्येक पेशीचें आवरण मुख्यतः स्निग्ध द्रव्यांनींच घडलेलें असतें, आणि हीं द्रव्यें सर्व अवयवांत सारखीं नसतात.

प्रयोगशाळेंतील उंदराचें उदाहरण घेऊं. त्याच्या मेंदूंत कोलेस्टेरॉल विपुल असतें. मज्जातंतूंवरील वेष्टनास तें लागतें. अहोरात्र राबणाऱ्या हृदयांत कार्डिओलिपिन हें द्रव्य विशेष आढळतें. पेशीस शक्ति पुरविणाऱ्या सूक्ष्म घटकांत त्याचें वास्तव्य असतें. फुप्फुसांतील स्निग्ध लेप वायुकोशांस मिटूं देत नाहीं. यकृताची तऱ्हा निराळी. उंदीर एक रात्र उपाशी राहिला, तर अंगावरची चरबी सुटून यकृतांत येते व तेथें ती उलट वाढते!

याहून नवल असें कीं, एकाच वंशाचे, एकाच पिंजऱ्यांत वाढलेले व एकच अन्न खाणारे दोन उंदीरहि या बाबतींत तंतोतंत सारखे नसतात. नर व मादी, तरुण व वृद्ध, दिवस व रात्र यांमुळेंहि फरक पडतो. १९४९ सालीं अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत कांहीं अतिशय लठ्ठ उंदीर आढळले. एकाच जनुकांतील दोष त्यास कारण होता; तें जनुक नेमकें कोणतें, हें १९९४ सालीं उघड झालें.

मग औषध दिलेल्या एका उंदराचें यकृत निरोगी दिसलें, तर श्रेय औषधाचें कीं त्याच्या मूळ प्रकृतीचें? म्हणूनच औषध दिलेल्या व न दिलेल्या अनेक उंदरांची तुलना करावी लागते. घाईनें काढलेल्या अनुमानाचें फळ अखेर रुग्णास भोगावें लागतें. एका उदाहरणावरून नियम बांधूं नये, हा धडा विद्यार्थ्यांनीं यावरून अवश्य घ्यावा.