वयाचा भाग किती आणि आजाराचा किती?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या, शस्त्रक्रिया, खाटांचा वापर, औषधांवरील खर्च असे आकड्यांचे तक्ते असतात. रुग्ण दाखल झाल्यावर परिचारिका त्याच्या खाटेजवळ बसून जी पंधरा-वीस मिनिटे घालविते, त्यांच्यासाठी मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. या वेळाचा खर्च पगारपत्रकात दिसतो, उत्पन्न कोठेच दिसत नाही. त्यामुळे विश्वस्तांच्या बैठकीत त्याविषयी विचारणा होते आणि ती रास्तही आहे. तिचे उत्तर म्हणून, तसेच देणगीदार व हितचिंतकांच्या माहितीसाठी, बालक आणि वृद्ध या दोन रुग्णवर्गांची ही प्राथमिक तपासणी कशी होते हे येथे थोडक्यात मांडीत आहोत.

आपल्या घरांतून दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. बालक वेळेवर बसले वा बोलले नाही की, "याचे वडीलही उशिराच बोलले होते." वृद्ध व्यक्ती अडखळू लागली की, "आता वय झाले." दोन्ही वाक्ये पुष्कळदा खरी असतात, आणि हीच अडचण आहे. खरी नसतात तेव्हा उपचाराचे मोलाचे महिने त्यांच्या आधाराने निघून जातात.

बालकाची वाढ ठराविक क्रमाने होते. वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार बहुतेक सर्व मुले ९ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसू लागतात. स्वतंत्रपणे चालणे मात्र कोणाला ८ महिन्यांनंतर लगेच साधते, तर कोणाला १७ महिने पुरे होईपर्यंत नाही. इतकी मुभा निसर्गानेच दिलेली असल्याने शेजारच्या मुलाशी तुलना करणे व्यर्थ होय. परिचारिका प्रथम मूल पूर्ण दिवसांचे होते का, हे विचारते. दोन महिने आधी जन्मलेल्या नऊ महिन्यांच्या बालकाकडून सात महिन्यांच्या बालकाइतकीच अपेक्षा ठेवावयाची असते. हा हिशेब साधारणतः दोन वर्षांपर्यंत करतात.

तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्राने तयार केलेल्या, दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या तक्त्यात अवघ्या १७ बाबी आहेत. बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी सिद्ध केलेल्या निकषांचा त्यास आधार आहे. एक पेन, किल्ल्यांचा जुडगा आणि पाच-सात मिनिटे एवढ्यावर काम भागते. या तक्त्याने निदान होत नाही. कोणत्या बालकास तज्ज्ञाकडे पाठवावे एवढेच कळते. आमच्याकडे खोकल्यासाठी आणलेले एक आठ महिन्यांचे बाळ किल्ल्या घेण्यास प्रत्येक वेळी डावाच हात पुढे करीत होते. आईने कौतुकाने सांगितले, "डावखुरा आहे." परंतु वर्षाच्या आत एकाच हाताची अशी ठाम निवड होणे हे दुसऱ्या हातातील दुर्बलतेचे लक्षण असू शकते. सिस्टरांनी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना कळविले आणि त्या हाताचे व्यायाम वेळेत सुरू झाले. आई खोकल्याचे औषध घेऊन परत गेली असती, तर आमच्या तक्त्यात तो एक बरा झालेला रुग्णच ठरला असता.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाशी याचा जवळचा संबंध आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. सिडनी काट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांची स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा बाबतींतील स्वावलंबनाची मोजणी बसविली व ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांत ही कौशल्ये बालक ज्या क्रमाने शिकते साधारण त्याच क्रमाने परत येतात, असे त्यांना आढळले. स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटी सुटते; स्नानासाठी मदत आधी लागते. म्हणून वृद्ध रुग्णाबाबत पहिला प्रश्न "आंघोळ स्वतः करता का?" हा असतो.

वयाचा भाग कोणता, हे परिचारिकेस ठाऊक असावे लागते. जवळचे अक्षर न दिसणे, बारीक आवाज न ऐकू येणे, त्वचा पातळ होणे, तहान कमी लागणे हा वयाचा भाग. हातावरची त्वचा चिमटीत धरून शरीरातील पाणी कमी झाले का हे पाहण्याची रीत वृद्धांत फसते, कारण त्वचेचा ताणच गेलेला असतो. स्नायू झिजल्याने रक्तातील क्रिएटिनिन योग्य दिसले तरी मूत्रपिंड मंदावलेले असू शकते. औषधाची मात्रा ठरविताना हे पाहावेच लागते. मात्र दोन दिवसांत आलेला गोंधळ, नव्याने सुरू झालेले पडणे, कपड्यांत लघवी होणे, हा वयाचा भाग नव्हे.

याबाबत आमच्याकडूनही चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी पाय मोडून दाखल झालेल्या एका आजींच्या कागदावर "रुग्ण शांत, तक्रार नाही" अशी नोंद दीड दिवस होत राहिली. संध्याकाळी सून आली आणि म्हणाली, "आत्या इतक्या गप्प कधीच नसतात. सकाळी रेडिओ लावल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत." तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, ताप नव्हताच. वात झालेला माणूस बडबडतो अशी सर्वसाधारण समजूत, परंतु अनेक वृद्ध त्यात गप्पच होतात. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, तरी सून त्या दिवशी आली नसती तर काय, हा प्रश्न आम्हास टाळता येत नाही.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय खातेवही उघडत नाहीत, हे आम्हास सांगावे लागत नाही. आजींच्या कागदावर ती शिल्लकच नव्हती. त्यानंतर आम्ही दाखल-पत्रकात "घरी रुग्ण कसा असतो?" असा रकाना ठेवला असून तो घरच्या माणसास विचारूनच भरावा असा नियम आहे. घाईच्या दिवशी तो कोरा राहतो, हेही मान्य केले पाहिजे. रात्रपाळीत आणखी एक परिचारिका मिळावी, ही मागणी त्यासाठीच विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे.

नातेवाईकांस विनंती की, वृद्ध रुग्णास आणताना चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या, वैद्यांच्या पुड्यांसह, पिशवीत घालून आणाव्यात. बालकासोबत लसीकरणाचे व जन्माच्या वजनाचे कार्ड आणावे, आणि शक्यतो बालकास रोज सांभाळणारी व्यक्तीच सोबत यावी.