उंची मोजणाऱ्या काचा

अचलपूरच्या दक्षिणेला, वऱ्हाडच्या काळ्या मातीत, 21 अंश 5 कला अक्षांशाच्या आसपास टाकळखेडा नावाचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भारताच्या महामोजणीत आले. विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेतून आणलेली त्रिकोणांची साखळी इथवर पोहोचली. 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला आणि पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. उत्तरेच्या डोंगरांच्या ओढीने इथला ओळंबा किंचित कलत असेल काय, असा प्रश्न एव्हरेस्ट यांना पडला होता. विकलांच्या हिशेबाने विचार करणारी ही शिस्त वऱ्हाडाने दुसऱ्या महायुद्धाच्या शंभर वर्षे आधी पाहिली. त्या महायुद्धातील विमानवेधी तोफांच्या दुर्बिणी आणि उंचीमापक आज कुणी जमवत असेल, तर त्या वस्तूंचे मोलही याच शिस्तीत आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की असे उपकरण मोजू शकते तोवर आणि त्याची नोंद शाबूत आहे तोवरच ते जपले गेले. एरवी उरते ते नुसते पितळ.

हे उपकरण काय करीत होते ते पाहू. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीच्या 9 फूट पायाच्या उंचीमापकात लांब नळीच्या दोन टोकांच्या खिडक्यांतून प्रकाश आत येई. लोलक तो मधल्या नेत्रिकेकडे वळवीत आणि सैनिक चक्री फिरवून दोन प्रतिमा जुळवी. पाया माहीत, कोन माहीत, म्हणजे पल्ला निघाला. विमान 6000 मीटरवर असेल तर 9 फुटांच्या पायाशी होणारा कोन जेमतेम 94 विकलांचा असतो. त्यात एका विकलेची चूक झाली तरी पल्ला 60 मीटरहून अधिक चुकतो. त्याच पल्ल्यावर विमान क्षितिजापासून 30 अंश वर दिसत असेल तर त्याची उंची 3000 मीटर. गोळा तिथवर पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते, त्यामुळे ही मापे प्रेडिक्टर नावाच्या गणकयंत्राला दिली जात आणि ते विमानाची पुढची जागा काढी. टाकळखेड्याच्या त्रिकोणाचा पाया जमिनीवर होता, इथे तो एका नळीत मावला. भूमिती तीच राहिली.

ही नुसती भूमितीची सोयरीक नाही, कारखान्याचीही आहे. मोजणीच्या थिओडोलाइटांची दुरुस्ती देशातच व्हावी म्हणून एव्हरेस्ट यांनी कोलकात्यात उपकरण कार्यशाळा उभी केली. तिथे हेन्री बॅरो यांच्यानंतर अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी मुख्य कारागीर म्हणून काम सांभाळले. महायुद्धात याच परंपरेतून लष्करी प्रकाशीय उपकरणांचे काम झाले. डिसेंबर 1942 मध्ये कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले आणि 1943 मध्ये देहरादूनला लष्करी प्रकाशीय उपकरणांचा कारखाना सुरू झाला.

यावर पहिला आक्षेप असा, की हा संहाराच्या साधनांचा गौरव आहे. आक्षेप गंभीर आहे. पण लपवून ठेवलेले साधन युद्ध थांबवीत नाही. ज्या बोटांनी ती चक्री फिरवली त्यांच्यावर किती बारकाईचे ओझे होते, हे मात्र शाबूत उपकरणच दाखवते. दुसरा आक्षेप, की रडारने हे सारे निकामी केले. ते खरेच, आणि म्हणूनच ही उपकरणे भंगारात गेली. निकामी झालेली वस्तू पुसली जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. तिसरा आक्षेप, की खासगी संग्रह म्हणजे धनिकांची हौस, या वस्तू संग्रहालयातच असाव्यात. देवळालीच्या तोफखाना संग्रहालयासारख्या संस्थांचे काम मोठे आहे, तरी सगळे काही त्यांच्याकडे येणार नाही. पुरावस्तू कायदा, 1972 विज्ञानाची साक्ष देणाऱ्या वस्तूंनाही पुरावस्तू मानतो, पण शंभर वर्षांची अट घालतो. 1939 ते 1945 मधील उपकरणांना ती 2039 पासून लागू होईल. तोवरचे जतन संग्राहकाच्या विवेकावर आहे.

हा विवेक अगदी ठोस गोष्टींत दिसतो. पॉलिश करताना पितळेवर कोरलेला क्रमांक झिजला की वस्तूची ओळखच गेली. भिंगे जोडणारा कॅनडा बाल्सम सुटू लागला की काचेच्या कडेला इंद्रधनुषी वलये दिसतात, पावसाळ्यात बुरशीच्या तंतूंचे जाळे पसरते. हौसेने उपकरण उघडून भिंगे उलटसुलट बसवली तर माप कायमचे बिघडते. जुन्या तबकड्यांवरचा चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, कारण रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे 1600 वर्षे आहे. असा रंग खरवडणे जिवावर बेतू शकते. क्रमांक, निर्माता, वर्ष, मिळाल्याचे ठिकाण आणि आजची अचूकता एवढी नोंद प्रत्येक संग्राहकाने ठेवावी. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील सर्वेक्षणाच्या विद्यार्थ्यांनी एखादा उंचीमापक माहीत अंतरावर रोखून तपासला, तर नोंदही होईल आणि टाकळखेड्याचा धडाही त्यांच्या हाती येईल. वऱ्हाडाने भारताच्या मोजणीला आपली जमीन दिली. त्या मोजणीच्या वारशाची नोंद ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.