एस.टी. स्थानक ते शाळा : शिरूर-दौंडच्या रस्त्यांचा विचार

दिनांक १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तत्कालीन मुंबई प्रांताच्या परिवहन सेवेची पहिली गाडी धावली. घोडनदीच्या काठचे शिरूर याच मार्गावर वसलेले आहे. शिरूरला रेल्वे नाही, एस.टी. स्थानक हेच या गावाचे प्रवेशद्वार होय. भीमेच्या काठच्या दौंडची गोष्ट वेगळी आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड हे दक्षिणोत्तर वाहतुकीचे एक प्रमुख जंक्शन बनले. पुणे जिल्ह्यातील ही दोन्ही तालुक्यांची गावे अशा रीतीने सार्वजनिक वाहतुकीच्या आधारानेच वाढली आहेत.

आज या दोन्ही गावांचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शिक्षण, नोकरी, बाजार आणि दवाखाना यांसाठी भोवतालच्या खेड्यांतील माणसे तालुक्याच्या गावी येतात. त्यांच्या सोयीचा विचार करताना आपण बहुधा गाड्यांची संख्या मोजतो. गाडीतून उतरल्यानंतरची वाट मात्र आपल्या हिशेबात येत नाही.

सवलत आणि शेवटचा एक किलोमीटर

ग्रामीण भागातील इयत्ता ५ वी ते १२ वीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठ नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची आणि सर्व महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटाची सवलत देण्यात आली. शासन यासाठी मोठा खर्च सोसते.

परंतु या सवलतीचे फळ विद्यार्थिनीच्या पदरात केव्हा पडते? ती स्थानकावर उतरते आणि तेथून शाळेपर्यंत सुखरूप पोहोचते तेव्हा. त्या वाटेवर पदपथ नसेल, असलेला पदपथ उभ्या दुचाकींनी अडवला असेल, हिवाळ्यात सायंकाळी परतताना दिवे लागत नसतील, तर पालकांच्या मनात काळजी घर करते. अशा काळजीपोटी एखाद्या मुलीची शाळा सुटली, तर खिशातला मोफत पास तिच्या काय कामाचा? रस्त्याची रचना हा म्हणूनच केवळ बांधकामाचा विषय राहत नाही. तो शिक्षणाचाही विषय ठरतो.

पुण्याचा अनुभव

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होते. विद्यार्थी, कारकून, कामगार, प्राध्यापक सारेच सायकल वापरीत. पुढे शहर लांबवर पसरले, बसगाड्या वाढत्या वस्तीला पुरेनात आणि सायकलीची जागा स्वयंचलित दुचाकीने घेतली. वाहने वाढली म्हणून रस्ते रुंद करण्यात आले आणि रुंद रस्ते पुन्हा वाहनांनी भरून गेले.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याचे तत्त्व मांडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. देशातील तो पहिला प्रयोग होता. २०१६ मध्ये नगर रस्त्यावरही अशी मार्गिका आली. पुढे ती काढून टाकण्यात आली. या अनुभवाचा धडा सरळ आहे. मार्गिका सलग हवी, थांब्यापर्यंत पायी जाण्याची वाट सुरक्षित हवी आणि राखीव जागेत इतर वाहने शिरू नयेत. यांतील एक गोष्ट जरी ढासळली, तरी लोकांचा विश्वास उडतो. शिरूर आणि दौंड यांना लाभ हा, की या गावांचा विस्तार अजून पायी अथवा सायकलीने जाण्याजोगा आहे. पुण्याला जे मोडून पुन्हा बांधावे लागत आहे, ते येथे आरंभीच नीट करता येईल.

रस्त्याची मापे

भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा असावी. विजेचा खांब, झाड किंवा फलक या मापात धरावयाचा नाही. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. उंच पदपथावर वृद्धांना चढता येत नाही, म्हणून ते रस्त्यावरून चालतात आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

वाहनाच्या वेगाचेही असेच आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. ताशी ५० च्या वेगाला वाचण्याची शक्यता पुष्कळ घटते. यास्तव २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालण्याचा आग्रह धरण्यात आला. केवळ फलक लावून वेग कमी होत नाही. शाळेजवळ उंचवट्याचे पादचारी ओलांडणे बांधले, चौकातील वळण आखूड केले, की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

सायकलीलाही स्थानकाशी जोडले पाहिजे. नेदरलँड आणि जपान या देशांत रेल्वे स्थानकाजवळ सायकली ठेवण्याची उत्तम व्यवस्था असते. दौंडहून पुण्याला रोज जाणाऱ्या प्रवाशाला स्थानकाशी छप्पर, कुलूप आणि राखणदार असलेला सायकलतळ मिळाला, तर तो दुचाकीचा खर्च वाचवील. लोहमार्गाने दुभागलेल्या दौंडमध्ये कुरकुंभ मोरीसारख्या वाटांचे महत्त्व मोठे आहे. अशा ठिकाणी पाण्याचा निचरा, प्रकाश आणि पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र जागा यांचा विचार प्रथम व्हावा.

स्थानिक संस्थांचे दायित्व

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, पथदीप, वाहनतळ आणि बसथांबे हे विषय नागरी संस्थांकडे दिले आहेत. अकराव्या अनुसूचीत रस्त्यांचा विषय पंचायतींकडे आहे. प्रत्यक्षात मात्र स्थानक महामंडळाचे, मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा आणि गल्ली नगरपरिषदेची, अशी वाटणी असते. चालणाऱ्याला या हद्दी दिसत नाहीत. त्याला फक्त तुटलेली वाट दिसते. त्यामुळे सर्व संबंधितांनी एकत्र बसणे अगत्याचे आहे.

आरंभ लहान कामापासून करता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह स्थानकापासून शाळेपर्यंत चालत जाऊन अडथळ्यांचा नकाशा तयार करावा. गावातील थांब्यावर निवारा, दिवा आणि गाड्यांचे वेळापत्रक आहे की नाही, याची ग्रामपंचायतीने नोंद घ्यावी आणि शाळेच्या वेळेशी न जुळणाऱ्या फेऱ्यांबाबत ग्रामसभेचा ठराव आगाराकडे पाठवावा. नगरपरिषदेने एकच रस्ता निवडून तो सलग पुरा करावा. पदपथावरील विक्रेत्यांना हुसकावण्यापूर्वी २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्यांच्या जागेचा निर्णय नगर पथविक्रेता समितीमार्फत व्हावा.

१९४८ साली एस.टी.ने खेडे शहराशी जोडण्यास प्रारंभ केला. थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे उरलेले अंतर जोडणे हे आता स्थानिक संस्थांचे काम आहे. दहावीतली मुलगी सायंकाळी एकटी आणि निर्धास्तपणे स्थानकापर्यंत चालत येऊ शकली, म्हणजे रस्ता पुरा झाला असे समजावे.