अपग्रेडनंतरची दुखणी : ११ आधी की १-१?

कळंबहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातलं दुखणं माझ्या खास आवडीचं आहे.

ऑफिस जमिनीचे दस्त लिहिणाऱ्यांचं, नोंदी पोस्टग्रेसमध्ये. सेंटॉस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, म्हणून यांनी नव्या मशीनवर रॉकी ८ टाकलं, जुनी डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी आणली आणि पीजी_अपग्रेड चालवून ११ वरून १५ वर आले. लॉग स्वच्छ. पण सर्व्हे नंबर १-१ शोधला की 'नोंद नाही', आणि पूर्ण यादी काढली की तोच १-१ समोर हजर!

पत्रात सगळा राग पोस्टग्रेसवर काढलाय. त्याचा यात दोष नाही. अक्षरांचा क्रम तो सहसा लिनक्सच्या जीलिबसीला विचारतो, आणि ऑगस्ट २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तिने क्रमाचे नियमच बदलले. आधी तुलना करताना आडवी रेघ जवळपास दुर्लक्षित व्हायची, त्यामुळे ११ आधी आणि १-१ नंतर. आता १-१ आधी. सेंटॉस ७ वर २.१७ होती, रॉकी ८ वर २.२८ आहे. पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फाइली तशाच उचलतो. म्हणजे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध नव्या नियमाने. शोध भलत्याच फांदीवर जातो. डंप काढून पुन्हा भरला असता तर इंडेक्स नव्याने बांधला गेला असता.

खात्री करायची तर त्या सेशनपुरते एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन बंद करा नि तीच क्वेरी चालवा. नोंद सापडली, तर रोग हाच. आवृत्ती १५ क्रम बदलल्याचा इशारा देते खरी, पण ११ मध्ये डेटाबेसच्या क्रमाची आवृत्ती नोंदलेलीच नसते, मग ती तुलना कशाशी करणार?

आता खरी गोम. नोंद सापडत नाही म्हटल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी ती पुन्हा भरलेली असते. युनिक इंडेक्सलाही जुनी दिसत नाही, तो मुकाट घेतो. मग रीइंडेक्स करायला जावं तर तो दुबार नोंदींवर अडतो. म्हणून आधी इंडेक्स टाळून दुबार नोंदी हुडका, दस्त समोर ठेवून कुठली खरी ते ठरवा, मग रीइंडेक्स. कुठले इंडेक्स बिघडलेत हे अ‍ॅमचेक सांगतो, पण मजकुराच्या कॉलमांवरचे सगळेच नव्याने बांधलेले बरे.

सर्व्हे नंबरांच्या कॉलमला कोलेशन 'सी' द्या. तो नुसता बाइट पाहतो, जीलिबसीशी त्याचा संबंध नाही. आणि ऑपरेटिंग सिस्टीम व डेटाबेस एकाच रात्री बदलू नका. कुणी घात केला हेच कळत नाही.

कळंबकर, बॅकअप घेतल्याशिवाय काहीही पुसू नका, आणि १-१ किती वेळा निघाला ते जरूर कळवा.