‘आता आराम करा’ म्हणण्यापूर्वी

‘बाबा, आयुष्यभर पुष्कळ कष्ट केलेत, आता आराम करा.’ व्यापारी घरांतील मुले हे वाक्य मनापासून म्हणतात आणि त्यामागे आदरच असतो. मात्र त्यानंतर पेढीची किल्ली, बँकेतील सही, वसुलीचे फोन, माल हातात घेऊन भाव ठरवण्याचा अधिकार हे सारे एकेक करून वडिलांच्या हातून निघून जाते. शंभर गिऱ्हाइकांची येणी ज्यांना तोंडपाठ होती, त्यांच्याकडे सकाळचे वर्तमानपत्र तेवढे उरते. दोन-तीन वर्षांनी घरात बोलणे सुरू होते, ‘बाबांना हल्ली आठवत नाही.’ त्यात वयाचा भाग किती आणि रिकामपणाचा किती, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करायला हवा.

काय मंदावते, काय टिकते

उतारवयात बुद्धीची सर्व अंगे सारख्या गतीने क्षीण होत नाहीत. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. अपरिचित प्रश्न झटपट सोडवण्याची शक्ती तारुण्यानंतर हळूहळू उतरते. अनुभवातून साठलेले ज्ञान, शब्दसंपदा आणि पारख मात्र पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. म्हणूनच पंच्याहत्तरीतील व्यापाऱ्याला आकडेमोडीस वेळ लागतो, परंतु कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नये हे त्याला मुलाच्या आधी कळते. एखादे नाव न सुचणे आणि तासाभराने आठवणे हा वयाचा धर्म आहे. तेच बिल दोनदा चुकते करणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, जन्मभर लिहिलेला रोजमेळ न जुळणे ही मात्र रोगाची सूचना असू शकते. तिच्याकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

पुरुषार्थाचा वाटा

आपल्या तत्त्वज्ञानात कोणत्याही कार्यामागे काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ असे पाच समवाय मानले आहेत. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. परंतु पुरुषार्थाला किती वाव आहे, हे वैद्यकशास्त्र आता आकड्यांत मांडू लागले आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ कारणे नोंदवली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, स्थूलपणा, व्यायामाचा अभाव, बहिरेपणा, मंद दृष्टी, नैराश्य आणि एकाकीपणा ही त्यांपैकी काही. ही सर्व १४ कारणे दूर करता आली, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आणि गोड-तळलेल्या पदार्थांनी पाहुणचार करणाऱ्या आपल्या समाजाला या यादीतील कित्येक नावे परकी नाहीत.

बुद्धीची गंगाजळी

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली ख्रिस्ती धर्मभगिनींचा एक अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ भगिनी सहभागी झाल्या. त्यांचा आहार, निवास आणि दिनक्रम बराचसा सारखा असल्याने तुलना करणे सोपे होते. तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तांत ज्यांची वाक्ये विचारांनी भरलेली होती, त्यांच्यात वार्धक्यात अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले. सिस्टर मेरी नावाच्या भगिनी तर १०१ व्या वर्षापर्यंत तल्लख होत्या. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत मात्र या रोगाच्या खुणा विपुल सापडल्या. रोग होता, पण त्याने बुद्धीवर ताबा मिळवला नव्हता. व्यापारी जसा चांगल्या दिवसांत गंगाजळी राखून ठेवतो, तशीच शिक्षण, कामकाज आणि माणसांतील वावर यांतून मेंदूचीही गंगाजळी साठते, असा याचा अर्थ लावला जातो.

ही गंगाजळी वापराविना उपयोगी राहत नाही. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात निवृत्तीनंतर शब्दस्मरणाची शक्ती अधिक वेगाने घटताना दिसली. नोकरदाराला निवृत्ती नियमाने घ्यावी लागते. पेढीला असा नियम नाही, हे आपले भाग्यच म्हणावे.

स्वाध्यायाची पाच अंगे

श्वेतांबर परंपरेनुसार आगम ग्रंथ शतकानुशतके मुखोद्गत राहिले आणि महावीर निर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली लिपिबद्ध झाले. इतके ज्ञान स्मरणात राखणाऱ्या परंपरेने स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली: वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. म्हणजे वाचावे, शंका विचारावी, उजळणी करावी, चिंतन करावे आणि दुसऱ्याला समजावून सांगावे. या तपाचा हेतू कर्मनिर्जरा आहे, स्मरणशक्तीचा व्यायाम नव्हे. तरीही मनाला जागते ठेवण्याची याहून परिपूर्ण रीत सापडणे कठीण. अडचण अशी की आपल्या घरांत बहुधा परावर्तनाच तेवढी उरते. पाठ असलेले प्रतिक्रमण म्हणताना मन दुकानात फिरून येते. सत्तरीनंतरही एखादे नवे स्तोत्र अर्थासह शिकावे, साधू-साध्वींना प्रश्न विचारावेत, पाठशाळेतील मुलांना कथा सांगावी. सामायिकाच्या ४८ मिनिटांतही नव्या वाचनाला जागा निघते.

कान, जीवनसत्त्व आणि उपवास

ज्याला नीट ऐकू येत नाही, तो हळूहळू चर्चेतून बाजूला पडतो आणि घरचे त्याला विसराळू समजतात. अमेरिकेत ७० ते ८४ वयोगटातील ९७७ व्यक्तींना घेऊन झालेल्या एका चाचणीत श्रवणयंत्राचा लाभ सरसकट सर्वांना दिसला नाही. परंतु ज्यांना धोका मुळातच अधिक होता, त्यांच्यात तीन वर्षांतील बौद्धिक घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाली. चष्मा आपण निःसंकोच लावतो. यंत्राचाच तेवढा संकोच का?

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतिजन्य आहारात नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, पनीर यांतून मिळते. वाढत्या वयात त्याचे शोषण कमी होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची औषधे दीर्घकाळ घेतल्यास आणखी घटते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करावी. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे जिलेटिन आवरण नको असल्यास गोळी मागून घेता येते.

चातुर्मासातील दीर्घ उपवासापूर्वी मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांविषयी डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर पाण्याची वा सोडियमची कमतरता, उतरलेली साखर किंवा जंतुसंसर्ग हे कारण असू शकते. अशा वेळी रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये.

किल्ली कशी सोपवावी

वार्धक्यात जबाबदारी हलकी व्हावी, यात दुमत नाही. ती एका दिवसात शून्य होऊ नये. मोठ्या व्यवहारांवर दोन सह्यांची पद्धत ठेवावी, म्हणजे चूक झाली तरी सावरता येईल आणि मानही राहील. जुन्या गिऱ्हाइकांचा संपर्क, मालाची पारख, नव्या सुनेला किंवा नातवाला हिशेब शिकवणे अशी कामे वडीलधाऱ्यांकडेच असावीत. दुकान जवळ असेल, तर जाता-येता चालणेही घडते. घरातील श्राविकांनाही हेच लागू आहे: ज्या आजीने चाळीस माणसांचा स्वयंपाक अंदाजाने केला, तिला ‘तुम्ही बसा’ म्हणताना लग्नकार्याची यादी तरी तिच्याकडून करून घ्यावी. या पर्युषणात वडीलधाऱ्यांकडे क्षमायाचना करून उठण्यापूर्वी त्यांना एखाद्या व्यवहारात सल्ला विचारावा आणि तो पूर्ण ऐकून घ्यावा.